चार पिस्टन आणि माझी घाई

माझ्या जुन्या गाडीचं इंजिन मी द्वारका चौकाजवळच्या लेथवाल्या चाचांकडे दिलं होतं. चारही पिस्टन सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं. सगळ्यात हलका असेल त्याच्या वजनावर बाकीचे घासून आणायचे. चाचा दोनदा कानस फिरवत आणि पिस्टन काट्यावर ठेवून बघत. त्यांचं ते अत्तर लावल्यासारखं घासणं मला बघवेना. शेवटचा पिस्टन मी हिसकावून घेतला आणि दणादण घासला. आता तोच सगळ्यात हलका झाला! चाचांनी माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि बाकीचे तिन्ही पुन्हा घासायला बसले.

हल्ली गाडी मक्खन चालते. इंजिन कोणी बांधलं विचारलं, की मी बेधडक सांगतो, "चाचांनी आणि मी."