नाकातलं शिसं

अण्णांचे हात कापत नव्हते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

अण्णा म्हणजे राजाजीनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, कन्नड. मी निपाणीकडून येऊन बोम्मसंद्राच्या कारखान्यात लागलेला. रिमोटवरची विमानं उडवायला त्यांनीच मला शिकवलं. कसरतीसाठीचं एक विमान त्यांनी आठ महिने जेवणाच्या टेबलावर बांधलं. त्यांच्या पत्नी, अक्का, म्हणायच्या, "मी ताट मांडीवर घेऊन जेवते. माझी मुलंसुद्धा एवढी जपून उचलली नाहीत यांनी."

अशा विमानात सगळं तोलावर असतं. पंखांखाली पेन्सिलीचे दोन ठिपके. त्यांना बोटांची टोकं लावून विमान उचलायचं; नाक जेमतेम खाली झुकलं की ठीक. त्यासाठी अण्णांनी नाकात शिशाचे दोन तुकडे चिकटवले होते, मोटारीच्या चाकाला लावतात तसले. ते कमी केले की शेपटी जड होते, विमान चपळ होतं आणि हाताचं ऐकेनासं होतं.

एका शनिवारी त्यांनी विमान मला एकट्याला नेऊ दिलं. गिरक्या आणखी झरझर याव्यात म्हणून मी एक तुकडा काढून खिशात टाकला. विमान उतरवताना घाम फुटला. तुकडा परत लावायचा राहिला.

रविवारी मैदानावर अण्णांनी विचारलं, "तोल बघितलास का रे?"

"बघितला, अण्णा." बघितला नव्हता. सवयीनं तोंडातून गेलं.

उडवणाऱ्यानं स्वतः बोटांवर उचलून बघायचं, हा नियम त्यांचाच. त्या दिवशी त्यांनी उचललं नाही. "सरी, ठीक आहे. तू बघितलास म्हणजे झालं."

अण्णांनी विमान उडवलं आणि नाक वर वरच जायला लागलं. माझा हात खिशाकडे गेला. मैदानावर घालायची पँट तीच, कालचा तुकडाही आतच. तोंड उघडेपर्यंत विमान उलटून बांधावर आपटलं होतं.

अण्णा तिकडे गेलेच नाहीत. स्वतःच्या हातांकडे बघत उभे राहिले. "परवा कॉफी पण सांडली होती. हात गेले रे माझे."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "वयानं होतं स्वल्प, अण्णा."

त्यांनी रिमोट मला देऊन टाकला. पुढे स्कूटर सोडली, मग मल्लेश्वरमच्या बाजाराला एकटं जाणं. गेल्या महिन्यात मी वर गेलो, तर अक्का त्यांच्या कपात अर्धीच कॉफी ओतत होत्या. अण्णांनी तो दोन्ही हातांनी धरला. मी नीट बघितलं. कॉफीवरची साय हलत नव्हती.

"उडवतोस ना रे अजून?" त्यांनी विचारलं.

"उडवतो," म्हणालो. तेही खोटं.

तो तुकडा माझ्या कपाटात आहे. विमान माझ्यामुळे पडलं, एवढं वाक्य मी अण्णांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.