येळवशीची भज्जी

मैंदर्गीहून धाकट्या जावेनं येळवशीच्या भज्जीचा डबा सोलापूरला पाठवला. झाकण काढलं आणि पालेभाज्या, ओला हरभरा, तुरीचे दाणे नि चिंचेचा वास घरभर झाला. मी मनानं थेट शेतात जाऊन उभी राहिले.

लग्नानंतरची पहिलीच येळवस होती. त्या अमावास्येला पिकाची पूजा झाली की अंबिल शिंपडत शेताला फेरी घालायची. बांधाच्या कोपऱ्यावर पोचले आणि छातीत कुणीतरी सुपात हरभरे पाखडायला लागलं. त्याला ताल म्हणून नव्हता. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"लई भराभरा चाललीस की. बस हितं. जाईल ते."

पानं वाढेपर्यंत खरंच गेलं. बाजरीच्या भाकरीबरोबर मी भज्जी दोनदा मागून घेतली आणि विसरूनही गेले. ते दुखणं घर बघून गेलंय, हे तेव्हा कुणाला कळणार?

आता ते पाखडणं थांबतच नाही. गोळ्या झाल्या, शॉक झाले, मांडीतून नळी घालून हृदयाला डाग देऊन झाले. "ठोके आता ताळ्यावर यायचे नाहीत, वेग तेवढा आवरू," म्हणाले डॉक्टर. रक्त पातळ करायच्या गोळीपायी पालेभाजीसुद्धा रोज मापातच खायची. मी डब्याला झाकण लावलं.

हे अजूनही रोज सकाळी माझं मनगट धरून बसतात. 'जाईल ते' म्हणायचं मात्र त्यांनी केव्हाच सोडलंय.