चाचीचे परदेशी नातेवाईक

परदेशी सिनेमा कुठला, हे रंगारीण चाची जेवणावरून ठरवायची. "ज्या फिलममंदी माणसं जेवतात ते आपली. नुसती पितात ते साहेबाची," असा तिचा निवाडा होता. मी लग्न होऊन दारव्ह्याला आले, तेव्हा शेजारच्या या चाचीनेच मला पहिल्यांदा तंबूतल्या टॉकीजला नेलं. तिच्या घरी कापड रंगवायचं काम चाले, त्यामुळे तिचे हात कधी निळे, कधी गुलाबी असायचे.

बायकांच्या बाजूला बसून चाची पडद्यावरच्या माणसांना नाती वाटायची. घोड्यावरचा गोरा शिपाई तिचा राळेगावचा भाचा व्हायचा, कारण भाचाही असाच न सांगता घरातून निघून जायचा. भाषेवाचून तिचं काही अडत नसे. "माह्या नवऱ्याची भाषा तरी मले कुठं समजते?" ती म्हणायची. पलीकडे पुरुषांत बसलेल्या चाचांना ते ऐकू जायचं.

एकदा रिळांची पेटी चुकून बदलली आणि आठवडाभर जपानी सिनेमा लागला. त्यात ना गाणं, ना मारामारी. पुरुष शिट्ट्या मारू लागले, पण चाची आम्हाला रंगून गोष्ट सांगत होती. मग पडद्यावरची म्हातारी दोघींचं जेवण मांडून वाट पाहत बसली, चाचीच्या म्हणण्याप्रमाणे बहिणीची. बहीण आलीच नाही. चाचीने गोष्ट तिथेच सोडली. पुढे काय, असं बायकांनी विचारलं, तर म्हणाली, "मले काय मालूम? बुढी जपानीत बोलून राह्यली."

घाटंजीच्या धाकट्या बहिणीशी चाचीचा कित्येक वर्षं अबोला होता. कारण आईचं पानदान, तिच्या मागे ते कोणी ठेवायचं यावरून. दुसऱ्या दिवशी चाची एसटीने घाटंजीला गेली आणि बहिणीला तोच सिनेमा दाखवायला घेऊनच आली. मी दोघींच्या मध्ये बसले. जेवण मांडलं गेलं तसा चाचीने डोळ्यांना पदर लावला. बहीण शांतपणे म्हणाली, "हिनं बोलावलंच नसन. मंग ते येईन कशी?"

घरी येईपर्यंत दोघी कडाकडा भांडल्या. जपानात चूक कोणाची, इथून सुरू झालेलं भांडण पानदानापर्यंत पोचलं आणि सगळं बोलून झालं. मग दोघी एकाच ताटात जेवल्या. जेवतानाही भांडतच होत्या.

पुढे चाचा गेले आणि बहीण चाचीला घाटंजीला घेऊन गेली. त्यानंतर तंबूत आलेला एकही परदेशी सिनेमा आमच्या गल्लीतल्या बायकांना कळला नाही.