सगुणाचं अळू

कोंडाजीचा जन्म मिठागरात गेला. मिठागर बंद पडलं तेव्हा बायकोने, सगुणाने, परसात टाकी बांधून त्यात मासे सोडले. टाकीतलं पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढायचं, तिथल्या अळूला माशांच्या विष्ठेचं खत द्यायचं आणि निवळून परत माशांकडे यायचं.

"मातीबिगर अळू? येडी झालीस काय?" कोंडाजी म्हणाला होता. पुढे ताटभर वड्या खाऊन गप्प बसला. बाजारचं अळू घशाला खाजतं म्हणून सगुणाने ते पुन्हा कधी घरात आणलं नाही.

आषाढात सगुणा गेली. मुलगी अमिषा सासरी परतताना म्हणाली, "बाबा, वर्षश्राद्धाला आईच्याच अळूच्या वड्या करू."

कोंडाजीने टाकी जिवापाड सांभाळली. वैशाखात माशांच्या अंगावर पांढरी बुरशी चढली आणि त्याचा धीर सुटला. त्याच्या घरात घसा बसला तरी मीठ, जखम झाली तरी मीठ. त्याने पाटीभर मीठ टाकीत ओतलं.

आठवड्यात मासे टुणटुणीत झाले. अळूची पानं मात्र कडेपासून करपली, मग देठ लोळले. मीठ लागलेल्या जमिनीत गवतसुद्धा उगवत नाही, हे जन्मभर पाहिलेला माणूस! स्वतःला शिव्या घालत त्याने तीनदा पाणी बदललं, पण कंद कुजले ते कुजलेच.

वर्षश्राद्धाला वड्या झाल्या. कोंडाजीने सगुणाच्या नावाचं पान वाढलं, हात जोडले, पण तिच्या फोटोकडे त्याला बघवेना.

"बाजारचं हाय गं," तो खालमानेने म्हणाला.