टेओसाहेबांचा चष्मा

आमच्या निशिकांतइतका घाबरट माणूस मी मरीन परेडमध्येच काय, अख्ख्या सिंगापुरात पाहिलेला नाही. एमआरटीच्या गाडीत घसा सुकला तरी खिशातली खडीसाखर तोंडात टाकणार नाही, दंड होईल म्हणून. आणि याच गृहस्थाला मंडळाचा गणपती जवळ आला की विनोदी सिनेमा काढायची खाज सुटायची! छोटासाच असायचा, पण दरवर्षी त्यात पडायचो मी.

"विश्वास, आधी ऐट, मग आपट," तो मला समजवायचा. "गबाळा होऊन पडलास तर लोक हळहळतील. टाय लाव, फोनवर कुणाला तरी झापत ये, आणि मग पड. पडलास की लगेच ऊठ. खरंच लागलंय असं वाटलं की हसू मेलं."

मी बँकेत, त्यात पी.आर., म्हणजे इथला कायमचा रहिवासी; मला पडायला काय जातंय? पडायचो. गुडघे माझे सुजायचे आणि टाळ्या त्याला मिळायच्या.

पण हसण्यातलं त्याला कळायचं, हे कबूल केलं पाहिजे. गोंधळाच्या विनोदात म्हणे प्रेक्षकाला सगळं आधीच सांगून टाकायचं. कपाटात कोण लपलंय हे लोकांना ठाऊक पाहिजे, कपाट उघडणाऱ्याला नाही. कोऱ्या चेहऱ्याचा विनोद त्याहून कठीण, कारण हसवणाऱ्याच्या मनात काय चाललंय याचा पत्ताच लागू द्यायचा नाही. आणि नक्कल करायची तर मूळ माणूस बघणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीतला हवा, नाहीतर कितीही हुबेहूब करा, लोक नुसते जांभया देतात.

२०१४ साली त्यानं नक्कलच करायची ठरवली. मंडळातले निम्मे लोक वन-नॉर्थला त्याच्याच कंपनीत, आणि सगळ्यांचे साहेब एकच, मिस्टर टेओ. एरवी माणूस मऊ. पण वाईट बातमी द्यायची असली की ते चष्मा काढायचे, काचांवर तोंडाची वाफ सोडायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "सो, आह." मग कुणाचं तरी प्रोजेक्ट जायचं, नाहीतर नोकरी. चष्मा नाकावरून उतरला की मीटिंगमधला प्रत्येकजण मान खाली घालून वहीत बघायला लागायचा. निदान आपल्यावर काहीतरी येतंय हे तेवढं आधी कळायचं.

"अरे, तुझा पास नोव्हेंबरात संपतोय ना?" मी विचारलं. एम्प्लॉयमेंट पास कंपनीनं पुढे चालू ठेवला नाही तर महिनाभरात गाशा गुंडाळायचा. घर, लेकीची, इराची, शाळा, सगळं सोडून पुण्याला. निशिकांतची झोप त्या विचारानंच उडालेली असायची.

"मराठीत आहे रे सिनेमा," तो म्हणाला. "त्यांना कोण सांगायला जातंय?"

आयुष्यात एकदाच हा माणूस बिनधास्त झाला, तो मराठीच्या भरवशावर. आपली भाषा म्हणजे बंद खोली, असं इथल्या आम्हा सगळ्यांनाच वाटतं. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पोटाविषयीसुद्धा आम्ही खुशाल मोठ्यानं बोलतो.

सिनेमा दाखवायला कंपनीचाच हॉल मिळाला होता, टेओसाहेबांच्या कृपेनं. म्हणून मंडळाच्या सेक्रेटरी राधिकाताईंनी त्यांना आमंत्रण दिलं, आणि निशिकांतला सांगायचं विसरल्या. दिवे मालवले आणि साहेब आत आले, थेट पहिल्या रांगेत निशिकांतच्या शेजारी. पलीकडे मी होतो.

"नेव्हर माइंड, निशी," ते कुजबुजले. "आय डोन्ट अंडरस्टँड. आय सी ओन्ली."

निशिकांतनं सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात पडद्यावर खाली पांढरी अक्षरं उमटली. इंग्रजीत.

मीनलनं, त्याच्या बायकोनं, गुपचूप बसवून घेतली होती. इरा दरवर्षी प्रत्येक वाक्याला "व्हॉट ही से, मम्मा?" विचारायची, म्हणून बिचारीनं नवऱ्याला चकित करायचं ठरवलं होतं. ती तिसऱ्या रांगेतून कौतुकानं आमच्याकडे बघत होती.

पडद्यावर मी पडलो. साहेब खळखळून हसले. मग पडद्यावर निशिकांत आला, चष्मा काढला, वाफ सोडली. खाली इंग्रजीत अक्षरं आली, अर्थ असा: "चष्मा उतरला. देवाचं नाव घ्या." हॉल आधी दणाणला. मग ऑफिसच्या लोकांना पहिल्या रांगेतलं डोकं दिसलं असावं, कारण हसू मागच्या मागे विरत गेलं. पडद्यावर निशिकांत एकटाच काचा पुसत राहिला. माझ्या शेजारच्या निशिकांतनं माझं मनगट धरलं होतं. मला स्वतःला भीती वाटायचं काही कारण नव्हतं, तरी मीही डोळ्यांच्या कोपऱ्यातून साहेबांकडे बघत राहिलो.

साहेबांचा चेहरा कोरा होता. आता हात चष्म्याकडे जाणार, असंच आम्हा दोघांना वाटत होतं.

दिवे लागले. साहेब उठले, निशिकांतच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "व्हेरी फनी, लाह. आय नेव्हर न्यू आय डू लाइक दॅट." दोन मोदक खाल्ले, मीनलचं खास अभिनंदन केलं आणि गेले. आम्ही सगळे इतके खूश झालो की निशिकांतला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

सोमवारपासून टेओसाहेबांनी चष्मा पुसणं बंद केलं.

पहिल्या मीटिंगमध्ये ते नेहमीसारखे हसले, कुणाच्या तरी मुलाची चौकशी केली आणि त्याच सुरात एक अख्खी टीम बंद केल्याचं सांगितलं. पुढच्या मीटिंगमध्ये तसेच हसले आणि सगळ्यांना बोनस जाहीर केला. आता कुणाला काही कळेना. ऑफिसात लोक निशिकांतशी बोलेनासे झाले. त्यांची एकुलती एक धोक्याची घंटा यानं फोडली होती. त्याला तर साहेबांनी नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी घाम फुटायचा.

नोव्हेंबरात एकदा मी त्याच्याबरोबर दुपारी जेवायला गेलो होतो. ऑफिसच्या गारठ्यातून काचेचं दार ढकलून आम्ही बाहेर आलो, आणि मागोमाग साहेब. बाहेरच्या दमट हवेत त्यांच्या चष्म्याच्या काचा क्षणात पांढऱ्या झाल्या. डोळे दिसेनात. कुणीही पुसल्या असत्या. ते तसेच उभे राहिले.

"निशी," ते हसत म्हणाले, "टुमॉरो मॉर्निंग, माय रूम. युवर पास, आह."

"येस सर. गुड न्यूज, सर?"

"टुमॉरो, लाह."

आणि ते तशाच आंधळ्या काचांनी, चाचपडत पायऱ्या उतरून गेले. शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय थोडा अडखळला, तरी हात चष्म्याकडे गेला नाही.

निशिकांत माझ्याकडे वळला.

"विश्वास, तू बाहेरचा आहेस, तू नीट बघितलं असशील. काय होतं रे त्यांच्या मनात?"

कपाटात काय आहे हे साहेबांना माहीत होतं, आणि उद्या सकाळी ते कपाट उघडायला जाणार होता हा. आणि बघणाऱ्याला, म्हणजे मला, या वेळी कुणीच आधी काही सांगितलं नव्हतं.