चापाचं वजन

काल नेमबाजीच्या रेंजवर एका मुलीने रायफलचा चाप अगदी हलका करून घेतला, आणि मला शिकवणाऱ्या मॅडम आठवल्या. पहिल्या वर्षी मीही तोच हट्ट केला होता. मग नेम पक्का होण्याआधीच गोळी सुटायची आणि मी रडकुंडीला यायचे. मॅडमनी न रागावता स्क्रू फिरवून चाप थोडा जड केला.

"स्पर्धेत तुझी बोटं गार पडतात," त्या म्हणाल्या. "बोटाला भार जाणवला पाहिजे. गोळी तू सोडायचीस, ती आपोआप सुटता कामा नये."

बोटं गार पडतात, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढे पदकं फारशी मिळाली नाहीत. पण कुणीतरी आपल्याला इतकं निरखून पाहिलं होतं, हे आठवलं की आजही मनोमन हात जोडते.