हट्टी बहिणीचं उत्तर

आजही आठवलं की डोकं फिरतं. अकरावीला इंग्रजीच्या मॅडम रोज पहिली दहा मिनिटं गोंधळात टाकणाऱ्या शब्दांच्या जोड्या उतरवून द्यायच्या. अफेक्ट-इफेक्ट, लूज-लॉस, असलं सगळं. जोडी चुकली की एक मार्क कट, मग तुम्ही काहीही लिहिलेलं असो. उरलेल्या वेळात एक जुनी ग्रीक शोकांतिका. राजाचा हुकूम असतो, ह्या माणसाचं प्रेत उघड्यावर पडू द्या, माती देईल तो मरेल. त्या मेलेल्याची बहीण तरीही जाते आणि माती देते.

मॅडमनी नोट्स दिल्या: हट्ट हाच बहिणीचा दोष, त्यापायी सगळ्यांचा नाश. पाठ करा, विषय संपला.

मी पाचूबंदरची, कोळीवाड्यातली. मी सातवीत असताना माझा मामा बोटीवरून पडला तो वर आलाच नाही. आमच्याकडे माणूस समुद्रात गेला की गावातल्या बोटी धंदा सोडून त्याला शोधायला निघतात. आठव्या दिवशी मोठी माणसं म्हणाली, पुरे आता, घराघरात चुली थंड पडल्यात, फोटो ठेवून चर्चमध्ये मिस्सा करू. आईने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. रोज पहाटे एकटी निघायची, रानगाव, भुईगाव करत कळंबपर्यंत किनारा तुडवायची. लोक म्हणाले, हिला वेड लागलं. अकराव्या दिवशी कळंबला मामा सापडला. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. बनियनला आईनेच घातलेला टाका होता, तो तिने ओळखला. मामाला माती मिळाली.

आणि चाचणीत प्रश्न आला, बहीण हट्टी होती का? मला पाठ केलेलं काही सुचेना. मी हेच लिहिलं, चांगली दोन पानं. पेपर हातात आला तर दहापैकी शून्य! पहिल्या पानावर चुकलेल्या जोड्यांभोवती दहा लाल गोल, दुसऱ्यावर साधी खूणसुद्धा नाही. दहा मार्क संपले, मग पान कशाला उलटा? वर माझ्या चुका वर्गापुढे मोठ्याने वाचून दाखवल्या. पोरी फिदीफिदी हसल्या. मला तर पेपर मॅडमच्या अंगावर फेकावासा वाटला.

"नोट्समधलं उत्तर दहा वेळा लिहून आण," मॅडम म्हणाल्या.

"नाही आणणार."

"मग वार्षिक परीक्षेला बसायचं नाही. उद्या आईला घेऊन ये."

आई मासळी विकून मार्केटमधून थेट आली. ती आत शिरल्याबरोबर मॅडमनी खिडकी उघडली. मी बघितलं, आईनेही बघितलं.

"तुमची मुलगी फार हट्टी आहे. नोट्स सोडून मनाचं काहीतरी लिहिते."

"काय लिवलंय? मना इंग्लिश येत नाय. तुमीच वाचा, मराठीत सांगा."

मॅडमनी घड्याळ बघितलं, पण आई खुर्ची ओढून बसली. झक मारत त्यांना वाचावं लागलं. पहिलं पान भराभर उरकलं. मग पान उलटलं. कळंब आलं, बनियन आलं, टाका आला, आणि मॅडम अडखळायला लागल्या. सांगता सांगता त्या समोरच्या बाईकडे बघेनात. शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हळू सांगितलं, 'बाकीचे थकले होते, माझी आई थकली नव्हती.'

आईने पदराने तोंड पुसलं.

"हट्टी होतेच मी," ती म्हणाली. "नसते तर माझ्या भावाला माशांनी खाल्लं असतं. पोर माझ्यावर गेलेय. ती नाय लिवनार."

मॅडमनी परीक्षेच्या फॉर्मवर सही केली. मी परीक्षेला बसले, पासही झाले. पण त्या पेपरवरचं शून्य मॅडमनी खोडलं नाही ते नाहीच.